आयसाठी ठेवलेली लाकडं

तो स्वतःचं म्हणून कधी काही विचारायचा नाही. पोलादपुरात माझ्या दवाखान्याच्या पायरीवर टेकायचा आणि म्हणायचा, "वैदबुवा, येक मानूस हाय. त्याची आय अंथरुनाला खिळलीय. हा शेतावर गेला तर तिची कूस कोन बदलनार?"

"बाई ठेव म्हणावं त्याला." सल्ला द्यायला माझं काय जात होतं!

"ठेवलीय. पन तिला द्यायचं काय?"

पुढे त्या 'माणसा'चं भात सरलं, मग कोंबड्या गेल्या.

आषाढात मी त्याच्या वाडीवर गेलो. म्हातारी स्वच्छ होती, पाठीला एक जखम नव्हती. पडवीवरचा माळा मात्र रिकामा होता. आमच्याकडे घरात म्हातारं माणूस असलं की पावसाआधी सरणापुरती सुकी लाकडं माळ्यावर रचून ठेवतात. त्यातली शेवटची मोळी इरल्याखाली धरून ती बाई आपल्या घरी निघाली होती.

माझी नजर कुठे गेली ते त्यानं पाहिलं. या वेळी तो 'येक मानूस' म्हणाला नाही.

"मी रोज सांगतो तिला," तो म्हणाला, "आये, पावसात जाऊ नको गो."