राणी आरामात बसत नसती

लांब आणि बारीक असं काहीही हाती लागलं की काका आधी ते वाकवून बघत. माझ्या फोटो स्टुडिओत आले की छत्रीची तार, खराट्याची काडी, कॅलेंडरची पत्र्याची पट्टी, काहीही. वाकवायची, सोडायची आणि मान हलवायची. "जमंल," असं ते म्हणाले की ती वस्तू आता आपली राहिली नाही, हे आपण समजून घ्यायचं.

मकबऱ्याच्या आसपास राणीच्या वेशात धापा टाकणाऱ्या नवऱ्या तुम्हीही पाहिल्या असतील. लग्नाआधीचे फोटो काढायला येतात. फोटो मी काढायचो, झगे गुलमंडीतल्या दुकानातून काका भाड्यानं द्यायचे. स्वतः शिवलेले, ऐतिहासिक. "हा कुठल्या काळातला?" असं एका नवरदेवानं विचारलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तुमचं बजेट कुठल्या काळातलं हाय?" मोगल आणि इंग्रज यांच्यात त्यांच्याकडं एका ओढणीचा फरक होता.

खरी मेख आत होती. असा झगा अंगावर ताठ राहायचा तर शिवणीत पट्ट्या घालाव्या लागतात. पोलादी मिळतात, पण महाग. मग काकांचे प्रयोग सुरू झाले. खराट्याच्या काड्या मोडून टोचू लागल्या. कॅलेंडरच्या पट्ट्या घामानं गंजल्या आणि पांढऱ्या झग्यावर तपकिरी रेघा उमटल्या, काका म्हणाले, "नक्षी हाय." पाण्याच्या बाटल्या कापून घातल्या, तर नवरीच्या प्रत्येक श्वासाला अशी कुरकुर व्हायची, की मला व्हिडिओवर सनई चढवावी लागली. शेवटी वाळूजच्या कंपन्यांतल्या खोक्यांना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सापडली. भंगारात जवळजवळ फुकट. कपड्याखाली धरून कोमट इस्त्रीनं सरळ करायची, टोकं मेणबत्तीवर गोल करायची, की काम झालं. फक्त ती घालून बसता येत नसे.

त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "राणी कधी आरामात बसत नसती, ताई." एकाही नवरीनं शंका काढली नाही. इतिहासाचं नाव घेतलं की आपल्याकडं माणसं काय वाटेल ते सोसतात.

दुकानाच्या मागच्या खोलीत काकू हुक लावत बसायच्या. त्यांना दम लागायचा, हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्या एक दिवस म्हणाल्या, "त्याच्या आधी एकदा मलाबी राणी करा. परत येते की नाय, कुणाला ठाऊक."

काकांनी जन्मात पहिल्यांदा पोलादी पट्ट्या विकत आणल्या. झगा असा देखणा झाला, की काकू ओळखू येईनात. स्टुडिओत दिव्यांसमोर त्या उभ्या राहिल्या खऱ्या, पण त्यांचा श्वास पुरेना. त्यांनी हळूच विचारलं, "जरा बसू का?"

मी काकांकडं पाहिलं. ते ठरलेलं वाक्य बोललेच नाहीत. कात्री घेऊन गुडघ्यावर बसले, शिवण उसवली आणि एकेक पट्टी ओढून काढली. झगा उशीच्या अभ्र्यासारखा खाली बसला.

"बस," काका म्हणाले. "आरामात बस."

काकूंनी स्टुडिओतल्या फोटोसाठीच्या सिंहासनावर चक्क मांडी घातली आणि हसल्या. मी बटण दाबलं. काका मुठीत पट्ट्या धरून बाजूला उभे होते, तोंड लहान पोरासारखं पडलेलं. हा माणूस मला तेव्हा फार आवडला.

तो फोटो मी दर्शनी भागात लावला आणि नवरींना तसलाच ढगळ राजेशाही थाट हवा झाला. काकांनी लगेच भाडं वाढवलं. "बिनपट्टीचं काम लई नाजूक असतंय," म्हणाले.

काकू ऑपरेशनमधून सुखरूप परत आल्या. गेले ते काका, मागच्या उन्हाळ्यात, झोपेतच.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून काकू माझ्याकडं आल्या. इतक्या जणांना नटवून कॅमेऱ्यापुढं उभं करणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. काकूंच्या राणीच्या फोटोत कडेला आले होते, तेवढेच. मी त्यातले काका वेगळे काढून मोठे केले. म्हटलं, "काकू, हातातल्या पट्ट्या पुसून टाकतो."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "रिकाम्या हातांचे ते मला वळखूच यायचे नाईत."

प्रिंट निघायला वेळ होता. मी खुर्ची पुढं केली, आरामात बसा म्हटलं. काकू बसल्या, पण शेवटपर्यंत ताठच बसून राहिल्या.