आंबट खुंटाची फिर्याद

ते प्रकरण मी विसरणं शक्य नाही, कारण त्यातला मुद्देमाल आम्ही खाल्ला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगण्याकडच्या एका ठाण्यात मी हवालदार होते. एका सकाळी एक संत्रा बागायतदार आला. खिशात छाटणीची कैची, हातात एक खडबडीत पिवळं फळ. ते त्याने ठाणेदारांच्या टेबलावर आपटलं.

"व्याह्यानं फसवलं मले. संत्र्याच्या कलमा म्हणून हे आंबट दिलं. अंदर टाका त्याले!"

व्याह्याची रोपवाटिका होती. त्याची मुलगी याच्या घरची सून. बाप कबूल होईपर्यंत घरात घेणार नाही, असं सांगून याने तिला माहेरी धाडलं होतं. बाईमाणसाचा मामला म्हणून ठाणेदारांनी मला पाठवलं.

व्याह्याचा जबाब मी माझ्या चौथीच्या अक्षरात उतरवला. "त्याहिची जमीन काळी, भारी. म्हणून खाली मुळासाठी जंबेरीचा, म्हणजे आंबट रानलिंबाचा खुंट धरला, त्याच्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब बांधला. ते म्हणत, खुंट आंबट काहून? गोड पाह्यजे, मोसंबीचा. म्हटलं, व्याहीबुवा, मोसंबीचं मूळ तुमच्या जमिनीत सडते. मूळ खुंटाचं, फळ डोळ्याचं."

तो पाणी आणायला आत गेला तशी मुलगी पुढे आली. "बाई, विहिरीजवळची ओळ पाहा. ते माह्याकडं होती. बाकी बागेत काय केलं, ते मामंजीलेच विचारा. मोठ्या खुशीनं सांगतीन."

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि एक शिपाई घेऊन मी बागेत गेले. दटावल्यावर माणूस गप्प बसतो, वाखाणल्यावर बोलतो. मी वाखाणलं.

"झाडं मस्त फोफावली, भाऊ. छाटणी कोण करते?"

"मीच. विहिरीजवळची एक ओळ सुनेकडं होती, बाकी दुसऱ्याले हात नाही लावू देत."

"काय छाटता?"

"मरतुकडं ते उडवतो. ह्या कलमांवर एक बारीक काडी होती, बिनकामाची. अन् बुडातून असे जोरदार काटेरी फुटवे! काडी उडवली, फुटवे ठेवले."

म्हातारा पंच बांधावर बसून हसायला लागला. "अरे, ते काडीच संत्रं होतं गा! फुटवे जंबेरीचे!"

बागायतदाराचा हात आपोआप खिशातल्या कैचीवर गेला.

विहिरीजवळची ओळ मात्र संत्र्यांनी वाकली होती. माती तीच, खुंटही तोच, फक्त बुडाचे फुटवे काढलेले. फळ गोड की आंबट हे चाखल्याशिवाय पंचनाम्यात लिहिता येईना. मी चाखलं, पंचांनी चाखलं. शिपायाने तर पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. फिर्यादीलाही एक सोलून दिलं. फोड तोंडात घातल्यावर तो बी थुंकायचं विसरला.

ठाणेदारांनी विचारलं, "मग आरोपी कोण?"

"फिर्यादीच, साहेब."

गुन्हा दाखल झाला नाही. सुनेला आणायला तो निघाला, तेव्हा मला सोबत घेऊन गेला. एकट्याने जायची त्याची छाती होत नव्हती. ती दारातच उभी होती.

"काहून आले, मामंजी?"

"घरी चाल, बाई."

"कैची आणली का?"

त्याने खिशातून काढून दिली. तिने ती कमरेला खोचली आणि मगच पिशवी उचलली.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी एक नेम पाळला. कोणी दुसऱ्याच्या नावाने टेबल आपटायला लागला, की आधी त्याच्याच खिशात काय आहे ते पाहायचं.