पोरींच्या पत्त्यांची भाषा

कपडे धुऊन झाले होते आणि बादलीत साबणाचं पाणी उरलं होतं. पाणी असंच ओतून द्यायला जीव होत नाही, ही लातूरला राहायला आल्यापासून लागलेली सवय. म्हणून मी लेकीच्या पत्त्यांची प्लास्टिकची पाकिटं धुवायला घेतली.

साठ पत्ते होते आणि एकेका पत्त्याला एकेक पाकीट. शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागून ती चिकट झाली होती. मी एकेक पत्ता बाहेर काढला, पाकिटं धुऊन चटईवर पसरली. पत्ते कोरड्या फडक्यानं पुसले. त्यांच्यावर राक्षस, जादूगार, डोंगर, तळी असली चित्रं होती आणि मुंगीएवढं इंग्रजी. सगळे गडबडगुंडा होऊन पडले होते. लालाबरोबर लाल, हिरव्याबरोबर हिरवा असे नीट लावले आणि दोऱ्याच्या रिळांना लावायचं रबर दोन वेढे देऊन गच्च बसवलं. मी ब्लाऊज शिवणारी बाई आहे. पसारा दिसला की माझे हात आपोआप चालतात.

लेक समोरच्या खोलीतून आली, पाहिलं आणि किंचाळलीच. "आई! रबर? अगं रबर कोण लावतं? आणि डेक मोडलास? आणि हे काय, झबली वाळत घातलीस?"

मला राग यायला पाहिजे होता. इतकं निगुतीनं केलेल्या कामावर असं ओरडलेलं मला खपत नाही. पण मला आतून बरं वाटलं, खरंच सांगते. निकाल लागून अकरा दिवस झाले होते आणि त्या अकरा दिवसांत ही पोरगी माझ्याशी "हो", "न्हाई" आणि "भूक न्हाई" एवढंच बोलली होती. एका दमात इतके शब्द ऐकणं मी विसरूनच गेले होते.

निकाल डॉक्टरकीच्या परीक्षेचा होता. दुसऱ्यांदा दिलेल्या. इथं अशा पोरांना रिपीटर म्हणतात, आणि आमची अख्खी इमारतच रिपीटरांची. एकेका खोलीत एक पोरगं किंवा पोरगी आणि त्याच्यासोबत एक आई. बाप गावाकडं नोकरीला, शेताला नाहीतर दुकानाला, आणि आई इथं गॅस मांडून बसलेली. एकमेकींची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत. मी नांदेडच्या काकू, समोरच्या उदगीरच्या काकू, खालच्या जळकोटच्या काकू. माझे मिस्टर विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला. पंधरा दिवसांआड एखाद्या रविवारी एसटीनं येतात, पिशवीभर भाजी ठेवतात आणि जातात. माझी मशीन नांदेडला चादर टाकून बंद पडली आहे. दोन वर्षं झाली; मागच्या उन्हाळ्यात निकाल लागेपर्यंत आम्ही नांदेडला होतो, तेवढीच काय ती चालली.

आणि तिसऱ्या वर्षाचा क्लासचा फॉर्म खोलीतल्या फळीवर, पिठाच्या डब्याखाली होता. तो मीच आणला होता, निकालाच्या तिसऱ्या दिवशी. रविवारी मिस्टर आले की तिघांनी जाऊन भरायचा, असं मी ठरवलं होतं. लेकीनं तो पाहिला होता. ती काही बोलली नव्हती. तिनं फक्त "बघू" म्हणावं, नाहीतर भांडावं तरी, म्हणून मी रोज त्या डब्याभोवती उगाच खुडबुड करून राहिले होते. पण ती आपली समोरच्या खोलीत जाऊन उदगीरच्या पोरीबरोबर पत्ते मांडायची. हे पत्ते मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरची एक पोरगी जाताना ठेवून गेलेली. ती पास झाली नव्हती, नुसतीच गेली.

तर त्या दिवशी पोरगी ओरडतेय तोवर ओरडू दे, असं ठरवून मी समोर बसले. म्हटलं, "बरं बाई, चुकलं माझं. पण झबलं म्हणजे काय ते तरी सांग."

तिनं सांगितलं. ते प्लास्टिकचं पाकीट म्हणजे झबलं. इंग्रजीत स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. मी म्हटलं, बाहीला दोन तोंडं असतात, हे तर एकच तोंडाचं, तुमचंच नाव बरोबर आहे. ती हसली नाही, पण तोंडाची घडी जरा मोडली. डेक म्हणजे आपल्या आपण जमवलेला साठ पत्त्यांचा गठ्ठा. कशासोबत काय चालेल हे बघून तो महिनोन् महिने लावतात, आणि मी तो रंगवारी वेगळा केला होता. काठाला रबराचा खड्डा पडला की पत्ता मार खाल्लेला. मग त्याच्या बदल्यात कोणी दुसरा पत्ता देत नाही. चमकणारा असेल तर चमकी. हा शब्द मला येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी समोरच्या खोलीत गेले आणि चटईवर बसकण मारली. उदगीरची पोरगी घाबरली. तिला वाटलं, आता काकू पत्ते गोळा करणार आणि अभ्यासाला बसा म्हणणार. मी म्हटलं, "मला शिकवा." तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अगं बाई, नांदेडच्या काकू, तुम्हालाबी लागलं का येड?" लागलं म्हटलं.

उदगीरच्या पोरीचा गठ्ठा वेगळा होता; लेकीचा घेऊन मी तिच्याशी खेळायची आणि लेक शेजारी बसून सांगायची. खेळ मला आजही अर्धामुर्धाच कळतो. पण शब्द पाठ झाले, कारण पोरींनी ते आपलेच करून ठेवले होते. जमिनीचं चित्र असलेला पत्ता म्हणजे शेत. शेतात पिकेल तेवढ्यावरच राक्षस पोसायचा. शेतातलं पीक घेतलं की पत्ता आडवा करायचा, मग आपली पाळी परत येईपर्यंत तो आडवाच. "आडवं केलंस का?" असं विचारतात. राक्षस लढून आला की तोही आडवा, आणि आडव्याला कोणी उठवायचं नाही. मी म्हटलं, चांगला आहे की हा कायदा, आमच्या घरी लावा. उदगीरच्या काकू दारातून "हाव, हाव" म्हणाल्या.

हातात नुसते राक्षस आले आणि शेत एकही नाही, तर दुष्काळ. नुसती शेतंच आली, तर पूर. आमच्याकडच्या पोरींना हे शब्द शोधायला कुठं जावं लागलं नाही. मेलेला पत्ता जातो तो मसणवाटा. पण मसणवाट्यातून काही पत्ते मंत्र टाकून परत उठवता येतात. ज्याला कायमचं काढायचं, खेळातूनच, तो तडीपार. आणि मारलं नाही, नुसतं उचलून मालकाच्या हातात परत दिलं, तर माहेरी पाठवलं. माझा एकुलता एक मोठा राक्षस उदगीरच्या पोरीनं तीनदा माहेरी पाठवला. तिसऱ्या वेळी मी भांडले. "अगं किती वेळा पाठवशील? नांदू दे की त्याला!" दोघी खदखदून हसल्या. माझी पोरगी हसली. मी मान खाली घालून पत्ते बघत बसले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हे तिला दाखवायचं नव्हतं.

मला सगळ्यात आवडला तो नव्या नवरीचा नियम. राक्षस मैदानात उतरला की त्या पाळीत त्यानं लढायला जायचं नाही. नवी नवरी आहे, बसू द्या तिला. मी म्हटलं, "हा नियम कोणी केला? माझ्या सासरी तर मांडवातून उठले ती थेट भांड्यांवर." उदगीरची पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या सासरचे चीटिंग करून राहिले होते."

शिवाय बकरा. बकरा म्हणजे मोठा राक्षस अंगावर आला की त्याच्यासमोर ढकलायचा लहानसा पत्ता. तो मरणारच, पण त्या पाळीपुरते आपण वाचतो. मला बकरा टाकायला जमायचंच नाही. मी सगळ्यांना जपत बसायची आणि सगळे एकदमच जायचे. लेक म्हणायची, "आई, तू ना, काहीच सोडत न्हाईस. हरतेस त्यामुळं."

चार-पाच दिवस असे गेले. दुपारी पत्ते, संध्याकाळी पोळ्या. ती एक पोळी जास्त खायला लागली. मला वाटलं, गाडी रुळावर आली. पोरगी बोलते, जेवते, आता रविवारी फॉर्म भरून टाकू, एकच वर्ष तर आहे. मी लई थकले होते हो. पाठ दुखायची, त्या खोलीचा, त्या जिन्याचा, रोजच्या त्याच चार भांड्यांचा वीट आला होता. पण थकले म्हणून मी थांबले नसते, आणखी एक वर्ष काढलंच असतं.

शनिवारी दुपारी मिस्टरांचा फोन आला. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो, कागदं काढून ठेव. लेक समोरच बसली होती, तिनं ऐकलं. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "चल, वाट माझे पत्ते."

सुरुवातीला हातात सात पत्ते घेतात. माझ्या सातांत सात राक्षस, शेत एकही नाही. उदगीरची पोरगी डोकावून म्हणाली, "काकू, कोरडा दुष्काळ." मी म्हटलं, आता काय करायचं? लेक म्हणाली, "बदलून मिळतात. मुलिगन म्हणतात त्याला. सगळे परत दे."

"आणि फुकट बदलून देतात?"

"फुकट न्हाई. परत घेताना सहाच मिळतात."

मी सहा घेतले. सहाही शेतं. "परत बदल," म्हटलं.

"आता पाचच मिळतील, आई."

"पाच तर पाच. चांगले तर यायला पाहिजेत."

तिनं गठ्ठा पिसला, पण वाटला नाही. हातात धरून बसली. "असं किती वेळा बदलशील?"

"चांगले येईपर्यंत!" मी हसत म्हटलं.

कोणीच हसलं नाही. उदगीरची पोरगी उठली. "अव्वा बोलवायली," म्हणाली आणि गेली. कोणी बोलावलं नव्हतं. तिची आई तर बाजारात गेली होती.

लेक गठ्ठ्याकडं बघत बोलायला लागली, एकदम हळू. "बारावीला माझ्याकडं सगळं होतं. झोप लागायची. मैत्रिणी होत्या. पेपर हातात आला की वाचायला यायचा, अक्षरं हालायची न्हाईत. मागच्या वर्षी बदलून घेतलं तेव्हाच कमी झालं होतं. आता अजून कमी झालंय. तू म्हणतेस परत बदल. मला परत न्हाई बसायचं, आई. मला आहे त्याच्यावर खेळू दे. नांदेडला बी.एस्सी. करते, न्हाईतर दुसरं काहीबी करते. पण घरून."

त्या क्षणी मला माझ्या लेकीची दया यायला हवी होती. पण मला आधी आठवली माझी गिऱ्हाइकं. ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, डॉक्टरीणबाई कधी येणार? आणि मी तोंडात टाचण्या धरून बोटं दाखवायची, दोन वर्षं, एक वर्ष. त्या बायांना आता काय सांगू, हे माझ्या मनात पहिलं आलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

मग मी तिच्याकडं नीट पाहिलं. एकोणीस वर्षांची पोरगी, मनगटाची हाडं वर आलेली. दोन वर्षांपूर्वी शिवलेला ड्रेस खांद्यावरून उतरत होता. माप घेणारी बाई मी, आणि इतके दिवस माझ्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं. "न्हाई बसायचं तर न्हाई. उद्या बाबा आले की मी सांगते. तू मधी बोलू नको."

"बाबा हो म्हणतील?"

"त्यांचं काय. फॉर्म मी आणलाय, मीच परत देते."

तिनं हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि पत्ते झबल्यांत सरळ करत बसली. मी उठून चहा ठेवला. माझ्या मनात अजून कुठंतरी कुरकुर होतीच. दोन वर्षं मशीन बंद, दोन वर्षं ह्या जिन्यावरून पाण्याच्या बादल्या, आणि ही बाई आज बोलते. शेवटी तोंडातून गेलंच. "मागच्याच वर्षी बोलायचं होतंस ना. तोंड शिवलं होतं का?"

"बोलले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"निकालाच्या दिवशी. नांदेडला. तू मशीनवर होतीस, कोणाचं तरी लग्नाचं अर्जंट शिवून राहिली होतीस. मी तुझ्याजवळ येऊन उभी राहिले आणि म्हणलं, मला परत न्हाई द्यायची परीक्षा."

मला काही आठवेना. मी लई आठवून पाहिलं. लग्नाचं शिवण आठवलं, कापडाचा रंग आठवला.

"मग मी काय म्हणाले?"

"तू म्हणालीस, आधी जेवून घे."

"आणि?"

"जेवले."