टँकरचे पॉइंट

माझी आई विमानात बसली ती टँकरच्या पाण्यावर. ऐकायला गंमत वाटते. कॉलनीत हा किस्सा मी कितीदा सांगितला असेल, आणि दर वेळी लोक टाळी देऊन हसले. मी अर्धाच सांगत होतो, म्हणून हसले.

आमची बीडमधली कॉलनी म्हणजे नोकरदारांची सहकारी गृहनिर्माण संस्था. मी आयटीआयमध्ये शिकवायचो आणि संस्थेचा सचिव होतो. सचिव अशासाठी की निवडीच्या मीटिंगमधून बाकीचे शहाणे वेळेवर उठून गेले होते. त्या वर्षी दुष्काळ असा की बोअरनं उन्हाळ्याच्या तोंडालाच मान टाकली. नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, तेही पिवळं. मग टँकर. घरोघर फिरून पैसे गोळा करायचे, टँकरवाल्याला द्यायचे आणि वर उशीर झाला म्हणून बोलणी खायची, हे सचिवाचं काम.

आयटीआयमधला माझा एक दोस्त नुकताच बायकापोरांसकट विमानानं केरळला जाऊन आला होता, तेही क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर. त्यानं मला वेड्यातच काढलं. "बे, टँकरवाल्याला रोख कावून देतो? कार्ड घास की! लोकांच्या रोकडीतून बिल भर. पॉइंट तुझे. पॉइंटाचे मैल करायचे, मैलाचं तिकीट." टँकरवाल्याकडं मशीन होतंच. लोकांची रोकड मी बँकेत भरायचो, कार्डाचं बिल महिन्याच्या महिन्याला चुकतं करायचो. कुणाचा एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

आणि हाव स्वतःसाठी नव्हती. आईला बोधगया बघायची होती. विहारातल्या बाया रेल्वेनं जाऊन आल्या, हिचे मात्र गुडघे गेलेले. शिरूर कासारकडची बाई, तरुणपणी ऊसतोडीला जाऊन डोक्यावर मोळ्या वाहिलेली. दोन रात्री रेल्वेत अवघडून बसणं तिच्यानं होणारच नव्हतं. घराचा हप्ता जाऊन विमानाची दोन तिकिटं माझ्या पगारात बसत नव्हती. 'पुढच्या वर्षी बघू' असं मी तिला इतक्यांदा म्हणालो होतो की तिनं विचारायचंच सोडलं. ते मला फार लागायचं.

पॉइंट साचायला लागले तसं मला राहवेना. एका संध्याकाळी सांगूनच टाकलं, "आई, तुला विमानानं नेतो बोधगयेला. फुकटात!"

ती तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवून म्हणाली, "फुकट कोन नेतंय?"

"विमानाची कंपनी नेते."

"मंग मी न्हाई येत. माझ्या बापानं दीक्षा घेतली, त्या दिवसापासून गावची मागून आनलेली भाकर घरात येऊ दिली न्हाई. उपाशी निजलो आमी. अन् तू मला फुकट बुद्धाकडं नेतोस व्हय रं?"

आता हिला काय सांगावं! गडबडून मी म्हणालो, "तसं फुकट नाही गं. माझ्याच कष्टाचं आहे. कार्डावर खर्च केला, त्याचं बक्षीस मिळतंय."

"तुज्याच कष्टाचं हाय ना?"

"हो."

"मंग येते की!" असं म्हणून ती अशी हसली की बस. दुसऱ्या दिवशी पेटीतलं पांढरं लुगडं काढून उन्हात घातलं.

जून लागला. बँकेनं नेमके महिनाभरासाठी दुप्पट पॉइंट जाहीर केले. दोघांचं जाणं-येणं व्हायला आता थोडेच कमी पडत होते. आणि एका दुपारी आभाळ भरून आलं.

अख्खी कॉलनी गच्चीवर. बायांनी पन्हाळीखाली टिपाडं, बादल्या, मिळेल ते लावलं. शेजारचे रिटायर कंडक्टर काका एरवी कधी हसत नाहीत, ते दोन्ही हात वर करून ओरडले, "आला बरं का! आला औंदा!" मीही ओरडलो, "येऊ द्या, येऊ द्या!" आणि मनात म्हणत होतो, थांब रे बाबा, एवढा महिना थांब.

थांबला. वारं सुटलं, ढग गेवराईकडं सरकले आणि तिकडंही न पडता पांगले. बायांनी रिकामी टिपाडं ओढत आत नेली. काका तोंड पाडून कठड्याला टेकून उभे राहिले. आणि मला नालायकाला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

तेव्हापासून माझी नजरच नासली. सकाळी उठून आधी आभाळ बघायचो, निरभ्र दिसलं की चहा गोड लागायचा. काका मीटिंगमध्ये म्हणाले, नगरपालिका काही वस्त्यांना फुकट टँकर देती, आपणही जाऊन मागू. मी पटकन म्हणालो, "काका, ते पाणी गढूळ असतं. लेकरं आजारी पडतील." काका म्हणाले, "तू म्हणतोस तर ऱ्हाऊ दे. तुझ्याएवढं कोन राबतंय हितं?" विषय मिटला. नगरपालिकेचं पाणी गढूळ असतं की नितळ, हे मी कधी जाऊन बघितलंच नव्हतं.

पॉइंट भरले. जुलैत आम्ही निघालो, संभाजीनगरहून दिल्ली आणि दिल्लीहून गया. आईला खिडकी दिली. विमान उठलं तसा तिनं माझा हात घट्ट धरला, मग हळूहळू खाली बघायला लागली. "पार वाळून गेलंय रं समदं," म्हणाली. मी खिडकीकडं मान वळवली नाही.

बोधगयेला आदल्या रात्री पाऊस झालेला. बोधिवृक्षाजवळची फरशी ओली होती, तरी आई गुडघे धरत धरत खाली बसली. त्रिसरण म्हणून झालं, पंचशील झालं, तरी डोळे मिटूनच. ओठ हलत होते. कितीतरी वेळानं तिनं डोळे उघडले. चेहरा असा निवांत मी तिचा आजवर बघितला नव्हता. मलाही भरून आलं. वाटलं, जाऊ दे, कसंही का होईना, आणलं ना हिला.

चेष्टेनं म्हणालो, "काय मागत होतीस एवढं? आपल्यात मागत नसतात म्हणून मला शिकवतेस, आणि स्वतः?"

ती पोरीसारखी लाजली.

"ठावं हाय मला. पर आज मागितलं बाबा. म्हनलं, आमच्याकडं पाऊस पडू दे. माझं लेकरू टँकरच्या मागं पळून पळून निम्मं झालंय."

आणि उठायला तिनं माझ्याकडं हात केला. मी हात दिला, पण तिच्या तोंडाकडं मला बघवेना.