स्तामेनच्या डोळ्याची शिवण

बल्गेरियात, स्मोल्यानच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या गावात सगळ्यात शहाणा कोण, असं विचारलं तर स्तामेन स्वतःचंच नाव सांगेल आणि सांगताना लाजणारही नाही. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी नळीतून फुंकून फुगवायची आणि बगलेत दाबून वाजवायची ती गायदा तो पंचावन्न वर्षं वाजवतोय, स्वतः शिवतोय. त्यामुळे हवा, दाब आणि शिवण या विषयांत आपल्याला कुणी शिकवू नये, अशी त्याची पक्की समजूत.

डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. डॉक्टरकडे जायला सवड नव्हती म्हणे, लग्नांचा हंगाम होता. तो हंगाम अकरा वर्षं चालला. उजवाही अंधुक व्हायला लागला तेव्हा बायकोने, वेल्काने, त्याला जवळजवळ ओढतच प्लोव्दिवच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर राल्चेव्हाबाईंनी डोळ्यात कोंडलेलं पाणी झिरपायला बारीकशी वाट करून दिली, तिच्यावर डोळ्याचाच पातळ पडदा टाके घालून शिवला आणि बजावलं, की वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि फुंकायचं तर मुळीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्याच आठवड्यात संत जॉर्जचा सण आला. कोकरू भाजलं जातंय आणि गायदा नाही, हे गावाला कसं चालावं? स्तामेन सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाल फुगवून वाजवत राहिला. गावाने टाळ्या पिटल्या. टाळ्या पिटून कुणाचा डोळा जात नाही.

दुसऱ्या दिवशी डोळा गळायला लागला. बाईंनी पिवळं औषध घालून निळ्या उजेडात पाहिलं. टाक्यांपाशी पडदा विरून पाणी झरत होतं आणि डोळ्याचा दाब तीनवर आला होता. निदान दहा तरी हवा. डोळ्यावर पट्टी बांधून त्यांनी आठ दिवस स्वस्थ पडून राहायला सांगितलं.

स्तामेनने त्यातलं एवढंच घरी आणलं, की दाब कमी आहे. पिशवी सैल पडली की काय करतात हे त्याला काय सांगायचं? माळ्यावर बसून तो रोज दोन तास गायदा फुंकू लागला. औषध म्हणून! शेजारच्या पेन्चोने त्याच्या अकलेची तारीफ केली. वेल्काने गायदा लपवली, तर याने दुसरी काढली. घरात सात होत्या.

आठव्या दिवशी पट्टी सोडल्यावरही जेवताना तो बटाट्याच्या पोळीऐवजी टेबलावरचं कापड कापू लागला, तेव्हा वेल्काला रडू कोसळलं.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल, असं बाई म्हणाल्या. हा शेवटचा डोळा होता. घाबरलेला स्तामेन नेहमीप्रमाणे भडकला.

"एकदा शिवलंत, ते उसवलं. असली शिवण मी केली असती तर गिऱ्हाइकाने गायदा माझ्याच डोक्यात घातली असती."

"काका, पिशवी सैल पडली तर काय करता?" बाईंनी विचारलं.

"फुंकतो."

"आणि फाटली असेल तर?"

"आधी ठिगळ लावतो," स्तामेन पुटपुटला.

"मग फाटकी पिशवी आठ दिवस फुंकत कोण बसलं होतं?" वेल्का म्हणाली.

बाईंनी डोळा बधिर करून विरलेला पडदा काढला, त्याच डोळ्याच्या खालच्या बाजूच्या पडद्याचा धड तुकडा घेतला आणि केसाहून बारीक धाग्याने ठिगळ शिवलं. टाके जवळ जवळ घाला, अशी सूचना शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आलीच. बाईंनी तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि त्याने ते जन्मात पहिल्यांदा ठेवलं. गळती थांबली, दाब अकरावर आला. गायदा फुंकणं मात्र कायमचं बंद.

महिनाभर तो कुणाशी धड बोलला नाही. गावाला मात्र पुढच्या लग्नाला दुसरा वाजवणारा दोन दिवसांत सापडला.

शेवटी वेल्कानेच एक गायदा आणून त्याच्या बगलेत खुपसली आणि फुंकायची नळी आपल्या तोंडात धरली.

"तू पिशवी दाब आणि बोटं चालव. फुंकते मी."

दर चार सुरांनी गाणं तुटायचं, कारण वेल्काला मध्येच काहीतरी सुनवायचं असायचं. एरवी स्तामेन डोळे मिटून वाजवायचा. त्या दिवशी त्याने उजवा डोळा उघडा ठेवला होता आणि तिच्या फुगलेल्या लालबुंद गालांवरून तो हलत नव्हता.

"काय बघतोस एवढं?" तिने नळी काढून विचारलं.

"दिसतंय, म्हणून बघतोय."