जागा धरलेली आहे

जागा धरण्यात नाशकात माझा हात धरणारा कोणी नाही. सातपूरच्या कंपनीत होतो तोवर बसच्या खिडकीतून रुमाल टाकून मी रोज खिडकीचीच जागा पटकावली. ही विद्या महोत्सवात वापरू नये, एवढंच मला कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडे दरवर्षी संगीत, चित्रपट आणि तंत्रज्ञान यांचा मोठा महोत्सव भरतो. मागच्या खेपेला माझ्या मुलीची, मुक्ताची, बारा मिनिटांची फिल्म त्यात निवडली गेली. ती एकदाच दाखवणार होते आणि परीक्षक प्रेक्षकांतच बसून गुण देणार होते. पोरीने वर्षभर रक्त आटवलं होतं. टाळ्या कमी पडू नयेत म्हणून मी पिंपळगाव बसवंतहून चौदा नातेवाईक बोलावले. ते टेम्पो करून आले!

मी तासभर आधीच सभागृहात घुसलो आणि पुढच्या दोन्ही रांगा अडवल्या. रुमाल संपले, मग पंचा, स्वेटर, बायकोची ओढणी. (चौदाव्या खुर्चीसाठी डाव्या पायातली चप्पल कामी आली.) मागच्या रांगा भरल्या, पण नातेवाईकांचा पत्ता नाही. शेवटी मी भाऊकाकांना फोन लावला.

"आरं, हितं भायेर मांडवात ड्रोननं फवारणी दाखवतेत," काका म्हणाले. "एकरी औषध किती लागतं, तेवढं इचारतो अन् आलोच."

द्राक्षवाला माणूस फवारणी सोडून फिल्मला येईल, ही आशाच खुळी होती. तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि फाईलवाले एक गृहस्थ आले.

"इथे बसू का?" बाईंनी विचारलं.

"जागा धरलेली आहे."

"सगळ्या?"

"सगळ्या," मी चप्पल सारखी करत म्हणालो.

दोघं थोडा वेळ दाराशी उभे राहिले आणि निघून गेले. गड राखल्याचं मला कोण समाधान!

फिल्म संपताच मुक्ता धावत आली आणि परीक्षक कुठे बसले होते, असं विचारू लागली. परीक्षक कसले, मी म्हणालो, फाईल घेऊन दोन आगाऊ माणसं आली होती, त्यांना मी वाटेला लावलं.

ती माझ्या स्वेटरवरच मटकन बसली. मला फार वाईट वाटलं.

निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे शेरा होता: 'प्रचंड गर्दी. बसायला जागा न मिळाल्याने फिल्म पाहता आली नाही.'

यंदा तिची नवी फिल्म निवडली गेलीय. तिने मलाही रीतसर आमंत्रण दिलंय, फिल्म संपल्यानंतरचं.