तीन हाका

पुसाचा महिना. तळ्यावरची धुई पळसबोडीच्या गल्ल्यांत शिरली की उन्हं वर आल्याशिवाय हलायची नाही. पाच हातांवरचं माणूस दिसायचं नाही, नुसतं खोकणं ऐकू यायचं. अशा सकाळी लटारू कोतवाल चावडी झाडत होता. दवानं ओली झालेली निंबाची पानं खराट्याला चिकटत होती, आणि तो दर चार हातांवर थांबून ती बोटांनी सोडवत होता.

आज त्याचं चित्त झाडण्यात नव्हतं. चिमूरकडून जमादाराची गाडी येणार होती.

अर्धी चावडी झाडून झाली आणि धुईतून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. कय्यूम जमादार गाडीतून उतरला. वरोऱ्याचा माणूस, ठाण्यात येऊन सहाच महिने झालेले. याआधीचे जमादार ‘ए कोतवाल’ म्हणायचे. हा पहिल्या दिवसापासून ‘लटारूभाऊ’ म्हणत होता, आणि लटारूला त्याचीच जास्त भीती वाटायची. शिवी देणाऱ्यापुढे माणूस खाली मान घालून उभा राहू शकतो. भाऊ म्हणणाऱ्याकडे बघावं लागतं.

गाडीत पोती होती. पोत्यांत कुऱ्हाडी, विळे, भाले. बेचाळीस साली पलटण आली तेव्हा गावातली पाती असलेली एकूणएक वस्तू हत्यार म्हणून उचलून नेली होती. बारा वर्षं ती ठाण्याच्या कोठडीत गंजत पडली. कय्यूमनं वर चार वेळा लिहिलं, हेलपाटे घातले आणि परत द्यायचा हुकूम आणला.

“द्या दवंडी, लटारूभाऊ. म्हणा, आपापली वस्तू ओळखा अन् घेऊन जा.”

लटारूनं डफडं वाजवत गावभर दवंडी दिली. कोणी आलं नाही. फटींतून डोळे दिसले, तेवढेच. शेवटी म्हातारा पोचू काठी टेकत आला आणि गाडीपासून दहा पावलांवर थांबला.

“काय पोचूभाऊ, तुमची कुऱ्हाड पाहा नं यात,” कय्यूम म्हणाला.

“माह्यापाशी कुऱ्हाड नव्हतीच, जी.”

“मग बारा वर्षांआधी लाकडं कायनं फोडत होते?”

“दातानं,” पोचू म्हणाला. “म्हनून त आता एकबी नाई राह्यला.” आणि बोळकं उघडून दाखवलं.

कय्यूम हसला. पोचू हसला नाही. जाता जाता लटारूला म्हणाला, “ज्याची कुऱ्हाड त्याचा अंगठा, अन् ज्याचा अंगठा त्याले बेडी. आमी एकदा फसलो गा. तुह्याच हाकेनं फसलो.”

ते खरं होतं.

जंगलातल्या गावात माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. बाहेरचं काही असलं तर ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाची. तिसऱ्या हाकेला उठायचं आणि दार उघडायचं. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

बेचाळीसच्या श्रावणात, भर दुपारी, शिपायांनी लटारूला पुढे घातलं होतं. नानाजी सुतारानं सडकेवर झाडं आडवी पाडली असा त्यांचा दावा. दार आतून बंद. “तू बुला,” म्हणाले. पाठीत बंदुकीचा दस्ता होता. लटारूनं हाक मारली, “नानाजीभाऊ!” एकच. दुसरीची गरज पडली नाही. लटारूचा आवाज ऐकून नानाजीनं लगेच दार उघडलं. हाताला लाकडाचा भुसा लागलेला.

“पावसात काऊन उभा राह्यला गा? आत ये,” नानाजी म्हणाला होता.

बारा वर्षं लटारूला ती शिपायांची तोंडं आठवली नाहीत. ते वाक्य तेवढं ऐकू यायचं. तळ्यावर, मळणीच्या खळ्यावर, धुईत. आणि त्याआधी आपलीच हाक. कधी कधी तो थबकायचा, कोणी तरी त्याच्याच आवाजात ‘नानाजीभाऊ’ म्हटल्यासारखं वाटायचं.

गाडीच्या आडोशाला कय्यूमनं पोत्यातून एक वस्तू वेगळी काढली. सुताराचा लाकूड तासायचा वाकस, दांड्यावर कमळाची नक्षी कोरलेला. पळसबोडीत असा वाकस एकाचाच होता.

“यासंगं एक कागद होता,” कय्यूम म्हणाला आणि खिशातून पिवळी घडी उलगडली. “त्रेचाळीस सालचा. नानाजी सुतार तुरुंगात तापानं मेला. घरी खबर दिली, बायकोचा अंगठा घेतला. हा तो अंगठा.”

लटारूनं अंगठा मुठीत दडवला.

“भाऊ, मी अंगठे रोज पाहतो. या बाईच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा घाव आहे. ठाण्यात दर आठवड्याले तुम्ही हजेरीचा अंगठा लावता, त्याच्यावरही तोच घाव. दोन्ही अंगठे एकाच विळ्यानं कापले का?”

लटारू गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. ठाण्यातल्या मुन्शीनं तेव्हा कागद वाचून दाखवला होता आणि शाईत भिजवलेली चिंधी दिली होती. तो नानाजीच्या बायकोच्या, कलाबाईच्या आंगणात गेला होता. “वयनी!” अशी हाक मारली, आणि तोच आवाज निघाला, दुपारचा, पावसातला. आत भांडं घासणं थांबलं. दुसरी हाक त्यानं मारलीच नाही. तळ्यामागे जाऊन त्यानं स्वतःचा अंगठा टेकवला.

तेव्हापासून देवीची टोचणी असो की खानेसुमारी, सगळ्या घरांना तो तीन हाका मारायचा. कलाबाईच्या दारात एक मारायचा आणि निघून जायचा. हाक मारली होती, असं स्वतःला सांगायचा. कलाबाई कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची, वडपुनवेला वडाला सूत गुंडाळायची. ते सूत बघून लटारू वाट बदलायचा.

“मले बेड्या घाला, साहेब,” तो म्हणाला.

“बेडी घालून काय होईल? पोचूभाऊ खरे ठरतील, अन् ही पोती परत कोठडीत जातील.” कय्यूम त्याच्या शेजारी उकिडवा बसला. “हा वाकस मी बाईच्या हातात देईन. पण बिना सांगता देऊ का? सधवेले मेलेल्याची निशाणी देऊ?”

“तुमी सांगा नं, जी. तुमाले सरकारी बोलता येते.”

“माझा आवाज त्या बाईनं कधी ऐकला नाही. ते दार तुमच्या आवाजानं बंद झालं. माझ्यानं कसं उघडंल?”

दोघं निघाले. आंगणाच्या कडेला कय्यूमनं बूट काढले, पट्टा काढून बुटांवर ठेवला आणि तिथंच थांबला. आजूबाजूच्या दारांच्या फटी रुंद झाल्या. धुई अजून उठली नव्हती. समोर नानाजीनं स्वतः घडवलेलं सागाचं दार होतं, त्याच्यावरही कमळ होतं.

“वयनी!”

आत सुपाचं पाखडणं थांबलं. लटारूचे पाय सवयीनं मागे वळले. मागे वळल्यावर अनवाणी उभा जमादार दिसला. हातानं खूणसुद्धा करत नव्हता.

“वयनी,” लटारू दाराकडे तोंड करून म्हणाला. या वेळी आवाज फाटला.

निंबावरून दव टपकत होतं.

“वयनी वो. मी लटारू. दार उघडा.”

“नको मारू,” आतून आवाज आला. “मारली तिसरी. मारायची नव्हती, मेल्या. इतकी वरसं नाई मारली, त आज काऊन मारली?”

लटारूनं भिंत धरली. “तुमाले ठाऊक होतं?”

“तू भुतावानी एक हाक मारून पळत होता. मी आत बसून ऐकत होती. म्हनलं, तिसरी मारन त उठीन. तू मारत नव्हता, तवरक थो जिता होता.”

कडी निघाली. कलाबाई उंबऱ्यात उभी राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं लटारूकडे बघितलं नाही, त्याच्यामागे जमादाराकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे. कय्यूम पुढे आला. दोन्ही हातांवर वाकस आडवा धरून त्यानं तो दिला.

“गंज चढू दिला,” दांडा चाचपत ती म्हणाली.

“चूक झाली, बाई.”

“कायनं मेला?”

“तापानं, वयनी,” लटारूनं सांगितलं. “त्रेचाळीसच्या चैतात.”

तिनं ते मनात कुठं तरी ठेवून दिल्यासारखी मान हलवली. मग हात पुढे केला. “आन कागद. पोच लागत असंन नं सरकारले?”

लटारूच्या मोठ्या, घाव असलेल्या अंगठ्याशेजारी तिचा छोटा अंगठा उमटला. उरलेली शाई तिनं पदराला पुसली आणि वाकस पोटाशी धरून आत गेली. लटारूला तिनं ना माफी दिली, ना शिव्या. दार मात्र लावलं नाही.

चावडीवर परत आले तेव्हा पोचू गाडीजवळ उभा होता. आता दोनच पावलांवर.

“बाईले नाई नेलं?” त्यानं विचारलं.

“नाही, जी,” कय्यूम म्हणाला.

पोचूनं पोत्यात हात घातला. “हे पाहतो फक्त,” तो म्हणाला. “माही नाईच. पन दांडा माह्याच हाताचा दिसून राह्यला.” त्याच्यामागे धुईतून आणखी दोघं-तिघं आले.

लटारूनं कानोसा घेतला. नानाजीच्या घराकडून बांगड्या फुटल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहिला. नाही आला. नानाजीचं ‘आत ये’ही आज ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं सुपाचं पाखडणं ऐकू यायला लागलं.

अर्धी चावडी झाडायची राहिली होती. त्यानं खराटा उचलला, त्याला चिकटलेली पानं बोटांनी सोडवली आणि सकाळी जिथं थांबला होता तिथून झाडायला लागला.